चारचा प्रभाग रद्द करा, ‘एक वॉर्ड, एक नगरसेवक’ परत आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या १५ जानेवारी २०२६ रोजी पुणे महापालिकेसाठी मतदान आहे. मी काँग्रेसचा मतदार आहे आणि या पत्रात तटस्थपणाचा आव आणणार नाही. पण जे मांडतो आहे ते कोणत्याही पक्षाच्या माणसाने कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे. रस्ते, पाणी, कचरा यांवर प्रचारात बोलणे होतेच. ज्या चौकटीत ही निवडणूक होते आहे त्या चार सदस्यांच्या, म्हणजे एकाच भागातून चार नगरसेवक निवडणाऱ्या, प्रभागाबद्दल मात्र कोणी तोंड उघडत नाही. माझ्या मते निकालाचा मोठा भाग मतदानाच्या आधी, त्या चौकटीतच ठरून गेलेला असतो.

आधी आकडे. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ जागा. चाळीस प्रभाग चारचे आणि आंबेगाव-कात्रजचा एक पाचचा. रचना २०११ च्या जनगणनेवर केलेली, त्यामुळे चारच्या प्रभागाची सरासरी लोकसंख्या कागदावर ८४ हजारांच्या आसपास दिसते. शहरात आज मतदारच साडेपस्तीस लाखांच्या घरात आहेत. ४१ ने भागले तर एका प्रभागात ८६ हजारांवर मतदार येतात, म्हणजे कागदावरच्या लोकसंख्येपेक्षा प्रत्यक्षातले मतदार जास्त. हेच मतदार १६५ वॉर्डांत वाटले असते तर एका वॉर्डात साडेएकवीस हजार आले असते.

या दोन आकड्यांतला फरक प्रचारात काय करतो ते पाहा. अर्ज मागे घेण्याची मुदत २ जानेवारीला संपली, चिन्हवाटप ३ तारखेला झाले आणि जाहीर प्रचार १३ तारखेला थांबेल. हातात पुरते दहा दिवस. घरामागे साडेतीन मतदार धरले तर ८६ हजार मतदारांची साधारण साडेचोवीस हजार घरे होतात. दहा दिवसांत ती करायची तर रोज अडीच हजार. सलग बारा तास चालले तरी मिनिटाला तीन घरे पडतात. कोणत्याही उमेदवाराला हे शक्य नाही. एकाच्या वॉर्डात सहा हजारांच्या आसपास घरे असतील, रोजची सहाशे. सकाळ-संध्याकाळ जिने चढणारा उमेदवार ती करू शकतो, प्रत्येक दारात मिनिटभर थांबून आपले चिन्ह समजावून सांगू शकतो. पक्षाचे चिन्ह मतदाराला वर्षानुवर्षे माहीत असते, अपक्षाला मात्र ते ३ तारखेला मिळाले. पाण्यासाठी, पदपथासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या कार्यकर्त्याने ८६ हजार लोकांपर्यंत ते दहा दिवसांत पोहोचवायचे कसे?

मग उरतो पैसा. पुण्यासाठी राज्य निवडणूक आयोगाने उमेदवारामागे १५ लाख रुपयांची खर्चमर्यादा घातली आहे. मर्यादा माणशी आहे, पण प्रभाग चौघांचा. एकट्याने लढणारा कायद्याने मतदारामागे सतरा रुपये खर्च करू शकतो. त्याच प्रभागात पूर्ण पॅनेल, म्हणजे चारही जागांवर उमेदवार, उतरवणाऱ्या पक्षाची कायदेशीर मर्यादा ६० लाख होते, म्हणजे मतदारामागे सत्तर रुपये. एकच फ्लेक्स, एकच रिक्षा, एकच पत्रक, त्यावर चार फोटो आणि खर्च चौघांत वाटून. वॉर्ड एकाचा असता तर १५ लाखांत प्रत्येकाला मतदारामागे सत्तरच रुपये मिळाले असते, अपक्षाला आणि भाजपच्या उमेदवारालाही. पडद्याआडच्या खर्चाबद्दल बोलतच नाही, हा सगळा हिशेब नियमातला आहे.

बूथचेही तसेच. एका मतदान केंद्रावर साधारण साडेआठशे-नऊशे मतदार धरले तर प्रभागात शंभराच्या आसपास केंद्रे होतात. प्रत्येक केंद्रात आत एक मतदान प्रतिनिधी, त्याला सुटी द्यायला दुसरा, बाहेर टेबलावर यादी घेऊन बसणारे दोघे आणि न आलेल्यांना घरून आणणारा एक. शंभर केंद्रांना पाचशे माणसे लागतात आणि ती सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत जागेवर टिकावी लागतात. राज्यात आणि केंद्रात सत्ता असलेल्या, पन्नाप्रमुखांची (मतदार यादीच्या एकेका पानाची जबाबदारी घेणाऱ्या कार्यकर्त्यांची) साखळी बांधलेल्या पक्षाला ती मिळतात. आमच्या पक्षाला अनेक प्रभागांत मिळत नाहीत, हे कबूल करायला हवे. एकाच्या वॉर्डात पंचवीस केंद्रे आणि सव्वाशे माणसे पुरली असती. तेवढी काँग्रेसकडे आजही प्रत्येक पेठेत आहेत, प्रत्येक वस्तीत आहेत.

एकास एक लढतीत काय होते ते कसब्याने मार्च २०२३ मध्ये दाखवले. भाजपचा वर्षानुवर्षांचा बालेकिल्ला, मंत्र्यांची फौज प्रचारात, तरीही विधानसभेची ती पोटनिवडणूक काँग्रेसने सुमारे ११ हजार मतांनी जिंकली. निवडून आलेले रवींद्र धंगेकर पुढे शिंदे यांच्या शिवसेनेत गेले, त्याचे दुःख आम्हाला आहेच. पण त्या निकालाचा अर्थ त्यामुळे बदलत नाही. गल्लीबोळातल्या माणसांना नावाने ओळखणारा, नगरसेवक म्हणून वॉर्डात काम करून वर आलेला उमेदवार समोर होता आणि मतदाराला एकच बटण दाबायचे होते. आता महापालिकेच्या चारच्या प्रभागाकडे बघा. २०१२ मध्ये दोनच्या प्रभागात काँग्रेसचे २८ नगरसेवक होते. २०१७ मध्ये चारचे प्रभाग आले आणि आम्ही दहाच्या आसपास येऊन थांबलो. मनसे २८-२९ वरून दोनवर आली, भाजप शंभराजवळ गेला. लाट होती हेही खरे, आमचे घरचे भांडण होते हेही खरे. पण लाटेत एक-दोन माणसे वाहून जायची, तिथे पॅनेलमुळे चारही जाऊ लागली.

पॅनेलचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. चौघांत एक वजनदार उमेदवार असतो. त्याच्या फोटोशेजारी उरलेल्या तिघांचे फोटो लागतात आणि मतदार एकाच चिन्हावर खाली-खाली बटणे दाबत जातो. त्या तिघांत कोण आहे, काय करतो, त्याच्यावर कोणते गुन्हे आहेत, हे कोण बघणार? या निवडणुकीत गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या घरांत उमेदवारी गेल्याची चर्चा शहरभर आहे. एकाच्या वॉर्डात असा उमेदवार उघडा पडतो, कारण त्याच्या पक्षाला मत म्हणजे त्यालाच मत. पॅनेलमध्ये मात्र तो तिघांच्या आड दडतो.

आरक्षणासाठी मोठा प्रभाग लागतो, असे समर्थक सांगतात. हा मुद्दा टिकत नाही. पुण्यात १६५ पैकी २२ जागा अनुसूचित जातींना, २ अनुसूचित जमातींना, ४४ नागरिकांच्या मागास प्रवर्गाला आणि एकूण ८३ महिलांना आहेत. मुंबईत २२७ वॉर्ड आहेत, प्रत्येकी एका नगरसेवकाचे. तिथेही अनुसूचित जाती-जमातींना, मागास प्रवर्गाला आरक्षण आहे, महिलांना निम्म्या जागा आहेत आणि सोडत काढून ते सगळे व्यवस्थित बसते. मुंबईचा कारभार १८८८ च्या कायद्यावर चालतो, आपला १९४९ च्या कायद्यावर. फरक त्या कायद्यातल्या तरतुदीचा आहे, आरक्षणाचा नाही. मुंबईकराला एक नगरसेवक चालतो, तर पुणेकराला, नाशिककराला, नागपूरकराला चार का?

हे सगळे पाप भाजपचे, असे मी म्हणणार नाही. २००२ मध्ये तीनचे प्रभाग आमच्याच आघाडीच्या सरकारने आणले. २००७ मध्ये पुन्हा एकाचा वॉर्ड झाला, २०१२ मध्ये आमच्याच सरकारने दोनचा केला. २०१६-१७ मध्ये फडणवीस सरकारने चारचा केला. २०१९ च्या शेवटी महाविकास आघाडी आली तेव्हा एकाचा वॉर्ड करण्याचा कायदा झाला, आणि त्याच सरकारने २०२१ मध्ये तो फिरवून तीनचा प्रभाग केला. तेव्हा प्रदेश काँग्रेसने दोनच्या प्रभागाची मागणी केली होती, ती मानली गेली नाही. पुण्याची ५८ प्रभाग आणि १७३ जागांची रचनाही तयार झाली होती. सरकार बदलले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने गाडी परत २०१७ च्या रुळावर नेली. पाच निवडणुकांत सात वेळा नियम बदलले आणि प्रत्येक वेळी सत्तेत बसलेल्याने आपले गणित पाहिले. आमच्या पक्षाने २००२ मध्ये आणि २०२१ मध्ये केलेली ही चूक पुन्हा करू नये, म्हणूनच हे जाहीरपणे लिहितो आहे.

प्रभागाच्या रेषा कोण आखतो, हेही लोकांना फारसे माहीत नसते. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने, सर्वपक्षीय संमतीने, प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतला. या वेळी प्रारूप महापालिका आयुक्तांनी तयार केले, ते नगरविकास खात्यातून आयोगाकडे गेले. आयुक्त राज्य सरकारने नेमलेले, तेच १५ मार्च २०२२ नंतर प्रशासकही, आणि नगरविकास खाते सरकारचे. पुण्याच्या प्रारूपावर सुमारे सहा हजार हरकती-सूचना आल्या आणि अंतिम रचनेत थोडकेच बदल झाले. एखादी वस्ती नाल्यापलीकडच्या प्रभागात टाकली, एखादी सोसायटी हमरस्ता ओलांडून जोडली, की तिथले जुने संबंध तुटतात. हरकत घ्यायला सर्वसामान्य माणसाला नकाशा, जनगणनेचे प्रगणक गट (मोजणीसाठी पाडलेले लहान भाग) आणि लोकसंख्येचा तक्ता एकत्र वाचावा लागतो. ते जमणारे शहरात किती? पक्षांची कार्यालये आणि महापालिकेत बसलेली माणसे, एवढीच.

जवळजवळ चार वर्षे या शहराला नगरसेवकच नव्हता. जून २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांनी तर महापालिकेचा कर भरला, पण नगरसेवकासाठी मतदान आजवर एकदाही केलेले नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली, तेव्हा कुठे निवडणूक लागली. चार वर्षांनी मिळणारा प्रतिनिधी नक्की कोण, हेसुद्धा आता स्पष्ट राहणार नाही. चौघे निवडून आले की आपसात प्रभागाचे चार तुकडे करतात, पण कायद्यात अशी वाटणी नाही. तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन गेले की ‘तो भाग त्यांच्याकडे आहे’ असे उत्तर मिळते. चौघे दोन पक्षांचे असले तर आणखी वाईट. ‘स’ यादीतला, म्हणजे नगरसेवकाने सुचवलेल्या कामांसाठीचा, निधी चौघांचा वेगवेगळा, त्यामुळे एकाच गल्लीत एकाने केलेला पदपथ दुसरा पेव्हर ब्लॉकसाठी उखडतो आणि दोघांच्या नावाच्या पाट्या लागतात. आणि प्रभागातल्या कोट्यवधींच्या खर्चाचा जाब विचारायला एक माणूस सापडत नाही. क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलवून कामे ठरवायची, हा तिचा गाभा. चौघांपैकी ती कोणी घ्यायची, हा वाद सुरू झाला की ती होतच नाही. पोटनिवडणुकीचेही तेच. एक जागा रिकामी झाली तरी अख्ख्या प्रभागातल्या ८६ हजार मतदारांना पुन्हा रांगेत उभे करायचे आणि शंभर केंद्रे पुन्हा लावायची, एका नगरसेवकासाठी.

बिनविरोध निवडींचा संबंधही याच्याशी आहे. राज्यभरात या वेळी महायुतीचे साठहून अधिक उमेदवार मतदानाआधीच बिनविरोध झाले. पुण्यातही प्रभाग ३५ मध्ये भाजपचे दोघे आहेत. आयोगाने अहवाल मागवले आहेत, ते येतील तेव्हा येतील. पण चारच्या प्रभागात ८६ हजार मतदारांसमोर लढायचा खर्च आणि दडपण पाहून लहान पक्षाचा माणूस माघारीच्या दिवशी पाय मागे घेतो, हे गावोगाव दिसते आहे. त्या प्रभागातल्या मतदारांसमोर आता दोनच जागांची नावे असतील. उरलेल्या दोन जागांवर ‘नोटा’चे बटण दाबायचा हक्कही त्यांना मिळणार नाही.

कायदा १५ तारखेच्या आत बदलणार नाही. म्हणून आहे त्या पद्धतीत आमच्या बाजूच्या मतदारांनी काय सांभाळायचे, ते लिहितो, कारण इथे मते फुकट जातात. प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा आहेत. अ ची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी आणि ड ची फिकट निळी. प्रत्येक जागेच्या नावांच्या शेवटी ‘नोटा’ असतो. प्रत्येक रंगात एकच बटण दाबायचे, असे चार वेळा. चौथे मत पडल्यावरच लांब बझर वाजतो. पहिले बटण दाबून दिवा लागला की ‘झाले मतदान’ म्हणून लोक वळतात, विशेषतः विधानसभेच्या सवयीने ज्येष्ठ मंडळी. बझर ऐकल्याशिवाय यंत्रापासून हलू नये. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नाही, त्यामुळे चिठ्ठी दिसण्याची वाट पाहू नये. बटणाशेजारचा लाल दिवा हीच खूण.

आमची खरी अडचण पुढेच आहे. भाजपच्या मतदाराला चारही रंगांत कमळ शोधायचे आहे. आमच्याकडे काँग्रेस, ठाकरे यांची शिवसेना आणि तिच्यासोबतची मनसे यांच्यात जागा वाटल्या आहेत. एकाच प्रभागात पांढऱ्यावर हात, गुलाबीवर मशाल, पिवळ्यावर पुन्हा हात आणि निळ्यावर इंजिन, असे होऊ शकते. जो मतदार सगळीकडे हातच शोधतो त्याला दोन रंगांत तो सापडत नाही. मग तो ‘नोटा’ दाबतो किंवा ओळखीचे दिसेल ते चिन्ह, आणि मत समोरच्याला जाते. पन्नास-शंभर मतांनी जागा जाते तेव्हा कारण बरेचदा एवढेच असते. यावर इलाज घरी करायचा. नमुना मतपत्रिका घेऊन प्रत्येक रंगातला आपल्या उमेदवाराचा अनुक्रमांक आणि चिन्ह पाठ करावे आणि घरातल्या सगळ्यांकडून म्हणवून घ्यावे. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे त्यातल्या फोटोवर विसंबू नये.

मतदार यादीही आत्ताच पाहावी. महापालिकेची यादी वेगळी तयार होत नाही. १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी प्रभागवार फोडलेली आहे. तुकडे पाडताना एकाच इमारतीतली कुटुंबे दोन प्रभागांत गेली, नवरा एका केंद्रावर आणि बायको दुसऱ्या, असे झाले आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने किंवा ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधून प्रभाग, यादीभाग आणि अनुक्रमांक कागदावर लिहून घ्यावा. गेल्या वेळच्या शाळेत थेट जाऊ नये. नावापुढे दोन तारे (**) दिसले तर ते नाव संभाव्य दुबार म्हणून नोंदले आहे. मतदान रद्द झालेले नाही, पण केंद्रावर दुसरीकडे मत दिले नाही असे हमीपत्र लिहून द्यावे लागेल. ओळखपत्र जवळ ठेवावे आणि दुपारच्या आत जावे, म्हणजे शंकेचे निरसन करायला वेळ हाताशी राहतो. आमच्या मतदान प्रतिनिधींनीही या ताऱ्यांच्या नावांची वेगळी यादी काढून सकाळीच केंद्राध्यक्षांना दाखवावी. रांग लागल्यावर हरकत घेतली की भांडण होते आणि खऱ्या मतदाराचा खोळंबा होतो.

माझी मागणी दोघांकडे आहे. विधिमंडळाने येत्या अधिवेशनात महापालिका अधिनियमात दुरुस्ती करून मुंबईबाहेरही एक वॉर्ड-एक नगरसेवक करावा आणि प्रभाग आखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाला परत द्यावा. ही दुरुस्ती पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर नको, आत्ता, जेव्हा कोणाचे गणित मांडलेले नाही. आणि आमच्या शहर काँग्रेसने दोन गोष्टी कराव्यात. एक, एक वॉर्ड-एक नगरसेवक हे वचन जाहीरनाम्यात छापावे आणि उद्या सत्ता आली तरी ते फिरवणार नाही असे प्रदेशाध्यक्षांच्या सहीने सांगावे. दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. सगळ्या ४१ प्रभागांत कोणत्या रंगाच्या मतपत्रिकेवर आघाडीचे कोणते चिन्ह आणि कोणता अनुक्रमांक आहे, याचा एक पानाचा तक्ता १३ तारखेच्या आत वर्तमानपत्रांत छापून यावा आणि आघाडीतल्या तिन्ही पक्षांच्या प्रत्येक बूथप्रमुखाच्या हातात असावा.

आपला,
काँग्रेसचा एक मतदार,
सदाशिव पेठ, पुणे